थंड होऊ द्या

बर्डीत, मोदी नंबर तीनच्या गल्लीत
जिन्याखालच्या पाच फुटांत माझं दुकान.
डोक्यावर पंखा, बाजूला कूलर,
कूलरला यंदाचा नवा वाळा.
मे महिन्यात नागपुरात कूल म्हणजे एवढंच.
बाकीचं कूल मला गिऱ्हाईक सांगतं.

पूर्वी ते सफरचंद काउंटरवर आलं
की मी हात पुसायचो.
पँटीला नाही, चष्म्याच्या फडक्याला.
धरमपेठेतली पोरं कव्हरला गोल भोक मागायची,
चावलेली बाजू बरोबर मधोमध दिसली पाहिजे,
कपाळावर टिकली दिसते तशी.
एका पोरानं साध्या, तडकलेल्या फोनवर
नुसतं स्टिकर लावून मागितलं होतं.
लावून दिलं. पैसे नाही घेतले.
तो गल्लीच्या तोंडापर्यंत
फोन कानाला लावून गेला,
आणि फोन बंद होता, मला माहीत होतं.

आज दुपारी हेमराज पराते आला.
पार्सलं पोचवतो, उमरेड रोडकडून.
डोक्याला दुपट्टा, भुवयांवर मीठ,
हातात काळीठिक्कर काच.
"चोवीस हप्ते, भाऊ. परवा शेवटचा फिटला.
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मुद्दाम ठेवला,
प्लेटीच्या बाजूला, उलटा.
मले वाटलं कोणी तरी विचारन.
बाजूच्याकडं तोच.
त्याच्या बाजूच्याकडं बी तोच.
पोहेवाल्याकडं तोच, न् त्याच्यावर
तेलाचा अंगठा."

स्टुलावर सम्यका खोब्रागडे बसलेली.
बारावी झाली, निकालाची वाट पाहते.
हसली नाही, एवढं चांगलं केलं.
फक्त म्हणाली,
"दादा, तो आता काकालोकांचा फोन आहे."
आणि पर्समधून काढला
तिच्या मामाचा जुना, बटनाचा,
त्याच सफरचंदाचा,
मी बारा वर्षांपूर्वी हात पुसून उघडायचो तसला.
"बॅटरी टाका. भिंग पुसू नका.
फोटो धुरकट येतो, तसाच पाहिजे."

हेमराज त्या फोनकडे पाहतच राहिला.
"हा तर आमच्या सायबानं फेकला होता."
"कुठे फेकला?" ती म्हणाली,
आणि खरंच विचारत होती.

हेमराजच्या काचेवर इतक्यात अक्षरं उगवली:
तापमान जास्त आहे, फोन थंड होऊ द्या.
बाहेर सेहेचाळीस.
हँडलला बांधून सकाळपासून फिरवला होता त्याला,
मानेवाड्यापासून गोधनीपर्यंत.
मी उचलून कूलरसमोर धरला,
जाळीपासून वीतभर लांब,
ताप आलेल्या लेकराला धरतात तसा नाही,
भाजलेल्या वांग्यासारखा, बोटं बदलत.

मग आम्ही तिघं थांबलो.
थांबण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.
मठ्ठेवाल्याला हाक मारली, तीन ग्लास.
हेमराजनं काळ्या काचेत पाहून
केस सारखे केले.
"आरसा झकास आहे," म्हणाला.
सम्यकानं मामाच्या फोननं त्याचा फोटो काढला,
वायरला जोडलेल्याच.
त्यात तो दुपट्ट्यासकट धुक्यात उभा होता,
जसं काही नागपुरात कधी थंडी पडलीच आहे.
"मले पाठव," तो म्हणाला.
"याच्यात नंबर नाही, सिम नाही," ती म्हणाली.
"मग कायले काढला?"
तिला उत्तर आलं नाही. मलाही नाही.

सफरचंद पांढरं उगवलं. तेरा मिसकॉल.
तेराही पार्सलवाले, एकही दोस्त नाही.
हेमराजनं रुमाल ओला केला,
फोनभोवती गुंडाळला, माठाला गुंडाळतात तसा,
आणि हँडलला बांधून गेला.
आतलं आता कुणाला दिसणार नव्हतं.

"अंकल, खरं सांगा," सम्यका म्हणाली,
"तुमच्याकडे कोणता आहे?"
मी ड्रॉवर उघडला.
त्यात नऊ होते, सगळे लोकांचे.

कूलर कोरडा घरघरायला लागला.
नळ संध्याकाळी येतो.
एक बादली उरली होती, ती ओतली.